मामींचा तळपाय

कातडीचा डॉक्टर होऊन मी नगरला दवाखाना काढला, तेव्हा आमच्या मिरजगावच्या लोकांना वाटलं, पोराला मार्क कमी पडले असणार. "हार्टाचा न्हाई का झाला?" असं एका चुलत्याने भर लग्नाच्या पंगतीत विचारलं होतं. मी चिडलो होतो. मला चिडायला फार काही लागत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण चुलत्याचं अगदीच चूक नव्हतं. आमच्याकडे ऊन, कुसळं, काटे, भेगा हे कातडीच्या नशिबी आलेलंच धरतात. तेवढ्यासाठी डॉक्टरकडे जायचं म्हणजे चैन.

मग ते यंत्र आलं. जर्मनीत गेलेल्या एका वर्गमित्राने सुट्टीवर येताना माझ्यासाठी आणलं. कान तपासायच्या बॅटरीसारखं, मुठीत मावणारं. दांड्यात सेल, टोकाला गोल काच, आत बारीक दिवा. डर्मोस्कोप. नव्वदच्या दशकात आमच्या जिल्ह्यात ते नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, मीही फक्त वाचलेलं होतं. साधं भिंग माझ्याकडे होतंच, पण भिंगाने कातडीचा वरचा थरच मोठा दिसतो आणि त्यावर उजेड चकाकतो. ह्याचं तंत्र वेगळं होतं. डागावर तेलाचा थेंब सोडायचा, त्यावर काच अलगद टेकवायची आणि डोळा लावायचा. चकाकी जाते आणि आतलं दिसायला लागतं. धुळीने माखलेल्या खिडकीवर पाणी मारल्यावर आतली खोली दिसावी, तसं.

मित्राने दिलेलं तेल संपल्यावर मी खोबरेल वापरायला लागलो. त्यामुळे माझ्या दवाखान्याला न्हाव्याच्या दुकानासारखा वास यायचा. पेशंटांनी यंत्राचं नाव 'तेलाची दुर्बीण' ठेवून टाकलं. स्टँडवर उतरून लोक रिक्षावाल्याला "तेलाच्या दुर्बिणीचा डाक्टर" म्हणून पत्ता विचारायचे, आणि मी मांत्रिक आहे की काय अशा समजुतीने एक-दोघे लिंबू घेऊनही आले होते. मी ते लिंबू सरबताला वापरले.

रोजच्या कामात त्या यंत्राचा उपयोग साधाच होता. एखादी आई मुलीला घेऊन यायची. पाहुणे बघायला येणार आहेत, गालावरचा तीळ काढून टाका म्हणायची. मी तेल लावून बघायचो. आतली तपकिरी जाळी एकसारखी विणलेली दिसली की सांगायचो, राहू द्या, उलट चांगला दिसतोय. शाळकरी पोरींच्या केसांतली पांढरी कणी लिख आहे की कोंडा, ते काचेखाली लगेच कळायचं. कोंडा घरंगळतो, लिख केसाला डिंक लावल्यासारखी चिकटलेली असते. खरजेचा किडा बोटांच्या बेचक्यात वाकडातिकडा बोगदा करतो आणि शेवटाला बारीक काळ्या त्रिकोणासारखा दिसतो. एका मास्तरांना खरूज झालीय हे मान्यच नव्हतं. त्यांना मी स्वतःच डोळा लावायला सांगितला. त्यांनी बघितलं, यंत्र हळूच खाली ठेवलं आणि घरातल्या सगळ्यांसाठी औषध मागून घेतलं.

शिर्डीकडून येणारे लोक डागावर उदी लावून येत. सुरुवातीला मी ती स्पिरिटच्या बोळ्याने सरळ पुसून टाकायचो. एका आजीने माझं मनगट धरलं आणि इतकं दुखावून माझ्याकडे बघितलं, की त्यानंतर मी कागदाचा चिटोरा द्यायला लागलो. ज्याने त्याने आपली उदी आपल्या हाताने त्यात काढून घ्यायची, पुडी करायची, मग मी बघणार. कुणाच्या श्रद्धेला हात लावायचा नाही एवढं शहाणपण मला तेव्हा आलेलं होतं. ते मला घरात उपयोगी पडलं नाही.

माझी सासुरवाडी पुणतांब्याची. गोदावरीकाठचं गाव, कॅनॉलचं पाणी, ऊस. मी कोरडवाहू भागातला, म्हणून तिथे माझं नाव 'दुष्काळी जावई'. मी आंघोळीला गेलो की मेहुणे ओरडायचे, "बादल्या मोजून द्या रं, त्यांना सवय न्हाई पान्याची." सासूबाईंना मी मामी म्हणायचो आणि सासऱ्यांना मामा, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे. मामा कमी बोलायचे. दोघांचं बोलणं मामीच करायच्या. उंच, काटक बाई. पहाटेपासून घर, गोठा, ऊस, आणि हे सगळं अनवाणी. चपला होत्या, पण त्या फळीवर, आगगाडीच्या प्रवासासाठी ठेवलेल्या.

जावयाच्या बाबतीत मात्र मामींचा धर्म कडक होता. आमच्या लग्नात त्यांनी परातीत माझे पाय धुतले, आणि ते पाणी बोटांनी डोळ्यांना लावलं. मी शरमेने मान खाली घातली होती. नंतर पहिल्या दिवाळीला गेलो तेव्हा मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर विंचू दिसल्यासारख्या मागे सरल्या.

"आमच्यात जावयानं वाकायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "आमी तुमाला कन्या दिली. तुमचं पाय आमी धरायचे."

"अहो मामी, वयाने मोठ्या आहात तुम्ही."

"वयाचा हितं काय संबंध न्हाई, जावईबापू."

बायको पदराआडून हसत होती. मीही हसून सोडून दिलं.

महिन्याकाठी एखाद्या रविवारी आम्ही पॅसेंजरने पुणतांब्याला जायचो, आणि मी गेलो की मामींच्या ओसरीवर दवाखाना भरायचा. ही त्यांचीच हौस. आदल्या दिवशीच त्या गल्लीत सांगून यायच्या. सकाळी ओसरी सारवलेली, सतरंजी अंथरलेली, आणि माझ्या शेजारी पितळी वाटीत खोबरेल. येणारे बहुतेक पायाचे पेशंट. उसाच्या पाचटातून आणि कॅनॉलच्या चिखलातून चालणारी माणसं, त्यांच्या तळव्यांना काय काय झालेलं असायचं. काहींना कुरूप. ते काचेखाली मधोमध पिवळट, टणक आणि स्वच्छ दिसतं. काहींची ती चामखीळ निघायची, तिच्यात गोठलेल्या रक्ताचे बारीक काळे ठिपके असतात. एका हमालाची टाच काळी झाली होती आणि तो आता पाय कापणार म्हणून रडवेला होऊन आला होता. मी बघितलं, तर काळ्यात लाल झाक. ओझ्याच्या दणक्याने कातडीखाली रक्त साकळलेलं. ब्लेडने वरचा पापुद्रा खरवडला, काळं निघून गेलं. तो माणूस आपल्या टाचेकडे बघत किती तरी वेळ बसून राहिला.

बायका पाय दाखवायला लाजत. लुगडं घोट्यावरून वर घ्यायला तयार नसत. मग आतून चहा घेऊन आलेल्या मामी त्यांच्यावर डाफरायच्या.

"दाव की गं पाय. डाक्टर काय खातो व्हय तुला? लाजून काय पाय बरा हुनार हाय?"

त्या ओरडल्या की बायका निमूट पाय पुढे करायच्या. गल्लीतले, मळ्यातले, वाटेवरचे किती तळपाय मी त्या ओसरीवर पाहिले असतील. मामी दाराच्या चौकटीला टेकून सगळं बघायच्या, आणि पेशंट गेल्यावर अभिमानाने मला विचारायच्या, "कळलं ना तुमाला काय हुतं ते?"

मग धोंड्याचा महिना आला. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे, अनारसे वाढतात, पाय धुतात, वाण देतात. मामींनी पाट मांडला, रांगोळी घातली. मामांनी तांब्याने पाणी ओतलं, मामींनी परातीत माझे पाय धुतले, कुंकू लावलं, पाणी डोळ्यांना लावलं. मी आता सरावलो होतो, गप्प बसून होतो. धुऊन झाल्यावर परात बाजूला सरकवायला त्या गुडघ्यांवर टेकल्या आणि वळल्या. तेव्हा त्यांचा डावा तळपाय माझ्या समोर आला.

टाचेवर, तळव्याच्या बाजूला काळा डाग होता. रुपयापेक्षा मोठा. एका बाजूला गडद काळा, दुसरीकडे फिकट होत गेलेला, कडा कुठेही गोल नाही, दौत लवंडून शाई पसरावी तसा. क्षणभरच दिसला. मामी उठल्या आणि लुगड्याचा काठ खाली आला.

"मामी, पायाला काय झालंय?"

"कुटं काय?"

"डाव्या. तळव्याला."

"ते व्हय. काटा मोडला हुता, बिब्बा घातला. त्याचा डाग हाय."

बिब्बा सगळ्यांना माहीत आहे. पायात काटा मोडला, कुरूप झालं, की बिब्बा तापवून त्याचा चटका देतात आणि काळा डाग पडतो. पण तो डाग वरच्या मेलेल्या कातडीत असतो. महिन्या-दोन महिन्यांत सोलून निघून जातो.

"कधी घातला होता बिब्बा?"

मामींनी लेकीकडे बघितलं. बायको म्हणाली, "काटा तर मागच्या वर्षी संक्रांतीला मोडला होता ना, आई?"

म्हणजे वर्ष उलटून गेलं होतं. मी म्हणालो, "मला बघू द्या. आत्ता. माझ्या पिशवीत दुर्बीण आहे."

मामींनी दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले. माझे पाय अजून ओले होते, पाटावर.

"आत्ता म्या तुमचं पाय धुतलं, पानी डोळ्याला लावलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आन् आता माझा पाय तुमच्या हातात देऊ? मग ह्या पान्याला काय अर्थ ऱ्हायला?"

मी समजावलं, मग आवाज चढवला, मग डोक्यात राख घालून घेतली. जेवणार नाही म्हणालो. मामींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पाय बाहेर आला नाही. शेवटी मामा माझ्या शेजारी येऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "जेवा, जावईबापू. ती रडंल, पर ऐकायची न्हाई." मी जेवलो. त्या पुरणाची चव मला आठवत नाही.

परतीच्या गाडीत बायको खिडकीला डोकं लावून बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी गेले की आईचे तळपाय काशाच्या वाटीने घासते. तूप लावून. घासलं की पाय काळे होतातच. मला दर वेळी वाटायचं, वाटीचंच काळं आहे. मग ती म्हणायची, राहू दे, मी धुते." मी तिचा हात धरला. वाटीचं काळं, बिब्ब्याचं काळं, त्याच्या आड ते तिसरं काळं निवांत वाढत राहिलं होतं. लेकीने तो पाय हातात घेतला होता, पण तिला माहीत नव्हतं. ज्याला कळलं असतं त्याला तो पाय दिसणार नव्हता.

पुढचे आठवडे मी नुसता धुमसत होतो. मी नगरच्या एका जुन्या सर्जनांना विचारलं, त्यांनी आनंदाने बघतो म्हटलं. मामींना निरोप धाडला. मामींचं उत्तर आलं, "घरात डाक्टर असताना परक्या मानसाला पाय कशापायी दावू? लोक काय म्हनतील तुमाला?" म्हणजे परक्याला दाखवायचा नाही कारण जावई डॉक्टर, आणि डॉक्टरला दाखवायचा नाही कारण तो जावई. मी दवाखान्यात एकटाच मोठ्याने हसलो, आणि हसता हसता टेबलावर मूठ आपटली. ह्या बाईपुढे मी हात टेकले होते.

मार्ग बायकोने काढला. म्हणाली, "मला शिकवा बघायला. मी बघते. तुम्ही बाहेर बसा."

मी तिला माझ्याच तळव्यावर शिकवलं. तेल किती, काच कशी टेकवायची, डोळा किती जवळ न्यायचा. तळपायाची कातडी इतर कातडीसारखी नसते. तिच्यावर समांतर रेघा असतात, एक उंचवटा, एक खाच, पुन्हा उंचवटा, पुन्हा खाच. तिने डोळा लावला आणि ती शेतकऱ्याची लेक पटकन म्हणाली, "अहो, हे तर सरी-वरंबा आहे." उसाच्या शेतात पाणी जातं ती सरी, दोन सऱ्यांमधला उंच बांध तो वरंबा. मला इतके दिवस हा शब्द सुचला नव्हता.

"तसंच समज," मी म्हणालो. "तळव्यावरच्या साध्या तिळाचा रंग सरीत असतो. सऱ्या काळ्या, वरंबे गोरे, असं दिसलं तर चिंता नाही. पण रंग वरंब्यावर असेल, तर वाईट." ही गोष्ट तेव्हा डॉक्टरांनाही नवीनच कळू लागली होती. मला त्याच मित्राने फोनवर सांगितली होती. मी ती कुणावर पडताळून पाहिलेली नव्हती.

त्या रविवारी मी ओसरीवर बसलो, माजघराच्या दाराकडे पाठ करून. बाकीच्या पेशंटांना येऊ नका म्हणून मामांनी सांगून ठेवलं होतं. ते खाली पायरीवर बसले होते, हातात काडी घेऊन माती उकरत. आतून मामींचं पुटपुटणं ऐकू येत होतं. लेकीच्या हातात पाय द्यायला त्यांची ना नव्हती, पण माझं यंत्र म्हणजे अर्धा मीच, असं काहीसं त्यांना वाटत असावं.

"तेल सोडलं?" मी समोर बघत विचारलं.

"सोडलं."

"दाबू नकोस. नुसती टेकव."

"टेकवली."

"मधे बघू नको, मधे सगळंच काळं असेल. कडेला ये. फिकट आहे तिथे."

आतून मामींचा आवाज, "काय दिसतं गं?"

"थांब ना आई."

"काळं सरीत आहे का वरंब्यावर?" मी विचारलं.

मी पुन्हा विचारलं. मामा माती उकरायचे थांबले.

"वरंब्यावर," ती म्हणाली.

"नीट बघ. घाई करू नको."

"नीटच बघतेय. सऱ्या गोऱ्या आहेत. सगळ्या. वरंबे काळे आहेत." तिचा आवाज फुटला. "अहो, मी चुकत असेन. तुम्ही बघा ना."

मी अर्धा उठलो होतो. आतून मामी म्हणाल्या, "न्हाई. त्यांना नगं." मी पुन्हा खाली बसलो. आयुष्यात एवढा असहाय मी कधी झालो नव्हतो. मधे एक मातीची भिंत होती, दार उघडं होतं, आणि मला वळायची मुभा नव्हती.

थोड्या वेळाने मामी स्वतःच चौकटीत आल्या. लुगडं पार जमिनीला टेकलेलं.

"बिब्बा न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, मामी. कातडीचा कॅन्सर असावा. तुकडा काढून तपासावं लागेल. पुण्याला जायला हवं, आणि लगेच."

"पाय ऱ्हाईल का?"

"बहुतेक राहील."

त्या मामांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लेकीचा जीव टांगनीला नगं. चला."

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात त्यांच्या पायाची लाज कुणी ठेवली नाही. मोठे डॉक्टर, शिकाऊ डॉक्टर, नर्सा, सगळ्यांनी तो उलटापालटा करून बघितला. मामी छताकडे बघत पडून राहायच्या. मी वॉर्डातच असायचो, पण पाय उघडला की त्या माझ्याकडे बघायच्या, आणि मी पडद्याबाहेर जायचो. सर्जन मला हसले. "तुम्ही डर्मॅटॉलॉजिस्ट ना? आणि पेशंट बघितला नाहीत?" मी म्हणालो, जावई आहे. ते नाशिककडचे होते. त्यांच्याकडेही हीच रीत.

तपासणीत तेच निघालं. टाचेवरचा भाग खोलवर काढला आणि मांडीची कातडी तिथे लावली. पाय राहिला. पण जांघेत गाठी होत्या. त्याही मामींना कधीच्या ठाऊक होत्या, त्या त्यांनी लेकीलाही सांगितल्या नव्हत्या. सर्जनांनी मला कॉरिडॉरमध्ये नेऊन खांद्यावर हात ठेवला. पुढचं वाक्य मला पाठ होतं. नातेवाइकांच्या खांद्यावर तसा हात मीही ठेवला होता. ऐकणाऱ्याला त्या हाताचं एवढं ओझं होतं हे मला ठाऊक नव्हतं.

आम्ही त्यांना नगरला आमच्याकडे ठेवून घेतलं. लेकीच्या घरी राहायचं म्हणून आधी कुरकुरल्या, मग राहिल्या. मामाही आले. दिवाळीनंतर त्यांचं खाणं तुटलं, दम लागायला लागला. बायको रोज पायाचं ड्रेसिंग करायची, मी शेजारच्या खोलीतून कापसाचं, औषधाचं सांगायचो. आमची ती रीतच पडली होती.

एकदा दुपारी मी जेवायला घरी आलो, तर मामी उशांना टेकून बसल्या होत्या. बायकोला म्हणाल्या, "त्यांची दुर्बीन आन. तेल बी आन."

मला वाटलं, लेकीने बघावं असं त्यांना वाटतंय. मी उठून बाहेर निघालो.

"तुमी कुटं चालला?" मामी म्हणाल्या. "बसा."

त्यांनी आपल्याच हाताने लुगडं घोट्यावर घेतलं आणि डावा पाय खाटेच्या कडेला आणला. मी जमिनीवर बसलो. "खाली नका बसू," त्या सवयीने म्हणाल्या. मी म्हणालो, "मग दिसणार कसं, मामी?" त्यांनी पाय थोडा पुढे सरकवला.

मी पाय हातात घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. हलका झाला होता, आणि तापलेला होता. मी तेलाचा थेंब सोडला, काच टेकवली. बघण्यासारखं तिथे काही उरलेलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. मांडीची कातडी लावलेली, तिला सरी नाही, वरंबा नाही. नुसतं गुळगुळीत, गुलाबी. रोग केव्हाच वर निघून गेला होता. तरी मी बघत राहिलो.

"काय दिसतं?"

"काळं गेलंय, मामी. काही नाही आता तिथे."

"आन् ह्यो?" त्यांनी उजवा पाय पुढे केला.

मी उजवा पाय घेतला. तेल लावलं, डोळा लावला. काचेखाली सगळं शेत सरळ लागलेलं. सऱ्या, वरंबे, पुन्हा सऱ्या, आणि प्रत्येक वरंब्यावर घामाची बारीक पांढरी छिद्रं, एका ओळीत, टोकणीने लावल्यासारखी. भेगा होत्या, जुन्या काट्याची खूण होती, पण काळं कुठेच नव्हतं. जन्मभर अनवाणी चाललेला, निरोगी पाय.

"कसा हाय?"

"एकदम चांगला आहे."

"मग ह्योच आधी दावाया पायजे हुता तुमाला," मामी म्हणाल्या आणि हसल्या. हसता हसता खोकला आला. खोकला थांबल्यावर त्या म्हणाल्या, "समद्या गावाला म्हनायची, दाव की पाय. माझं मलाच न्हाई म्हनता आलं, जावईबापू."

मला रडू आवरलं नाही. पाय माझ्या हातात होता, त्यामुळे डोळे पुसता येईनात. मामींनी तो काढून घेतला नाही.

त्या संक्रांतीआधीच गेल्या. पुणतांब्याला नेलं. ओसरीवरच ठेवलं होतं, मी पेशंट बघायचो त्याच जागी. घरचे, गल्लीतले एकेक जण येऊन पायांवर डोकं ठेवून बाजूला होत होते. त्यांत तो टाचेवाला हमालही होता. माझी पाळी आली तेव्हा भावकीतल्या एका म्हाताऱ्यांनी हात आडवा केला. "जावयानं न्हाई वाकायचं."

मामा खांबाला टेकून बसले होते.

"वाकू द्या त्यांना," ते म्हणाले. "तिनं दिला हुता त्यांच्या हातात पाय."

म्हाताऱ्यांनी हात खाली घेतला. मी वाकलो. ह्या वेळी पाय मागे सरले नाहीत.